२१४ डिस्क, ५७ परवाने: संग्रह तपासणीच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

चित्रपट-संग्रहाची मोजणी पूर्ण. छापील (कारखान्यात साच्याने बनवलेल्या) डिस्क २१४: त्यात १३१ डीव्हीडी, ६८ ब्लू-रे आणि १५ ४के ब्लू-रे. शिवाय बर्नरवर लिहिलेल्या ९ डीव्हीडी-आर. तीन ऑनलाइन सेवांच्या खात्यांत ‘खरेदी’ या शीर्षकाखाली ५७ चित्रपट. (सेवांना यापुढे क, ख, ग म्हटले आहे.) वर्गणीवर दिसणारे चित्रपट धरलेले नाहीत. ते महिन्यागणिक येतात आणि जातात.

५७ पैकी २३ चित्रपट डिस्कवरही आहेत. म्हणजे निव्वळ परवान्यावर (सेवेने दिलेल्या पाहण्याच्या मुभेवर) उभे असलेले ३४.

‘डिस्क बरी की स्ट्रीमिंग’ यावर वेळ घालवायचा नाही असे ठरले. वहीत प्रत्येक चित्रपटापुढे एक रकाना: वाटा. चित्रपट उद्या पाहायचा झाला तर एकमेकींवर अवलंबून नसलेल्या किती वाटा आहेत, तो आकडा. तपासलेली डिस्क म्हणजे एक वाट. न तपासलेली डिस्क म्हणजे शून्य, मग ती कितीही चकाकत असो. ऑनलाइन खरेदी म्हणजे अर्धी. ही अर्धी वाट कशी ठरली ते पुढे १९ ऑगस्टच्या नोंदीत.

५ ऑगस्ट

वेळेचा अंदाज. डीव्हीडीचा १ पट वेग सेकंदाला सुमारे १.३९ एमबी. ८.५ जीबीची दोन थरांची डिस्क ४ पट वेगाने पूर्ण वाचायला सुमारे २६ मिनिटे, ४.७ जीबीच्या एका थराच्या डिस्कला १४. आपल्याकडे दोन थरांच्या ८८, एका थराच्या ४३. बेरीज सुमारे ४८ तास, आणि यात डिस्क बदलण्याचा वेळ नाही. वेग वाढवून वेळ वाचवायचा मोह टाळायचा. १६ पट वेगाला किंचित वाकलेली डिस्कही थरथरते आणि धडधाकट डिस्क आजारी दिसते.

ब्लू-रेचा १ पट वेग सेकंदाला ४.५ एमबी. ५० जीबीची डिस्क ४ पटीने ४६ मिनिटे.

७ ऑगस्ट

डोळ्यांनी तपासणी. पद्धत अशी: मधल्या भोकातून बोट आणि कडेला अंगठा, आधी टेबलावरच्या दिव्याखाली तिरकी धरून चकाकती बाजू, मग दिव्यासमोर आरपार.

काय शोधायचे:

- ओरखडे. केंद्राकडून कडेकडे जाणारे फारसे त्रास देत नाहीत. गोल फिरणारे, म्हणजे माहितीच्या मार्गिकेच्या दिशेने जाणारे, घातक. डीव्हीडीची दुरुस्ती-व्यवस्था मार्गिकेवरचा सुमारे ६ मिमीचा सलग खंड भरून काढते. मार्गिकेला आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत केसाएवढीच जागा खातो, गोल ओरखडा एकाच फेरीत ही मर्यादा ओलांडतो.
- कडेकडून आत सरकणारी तपकिरी छटा, दुधाळ ढग किंवा कॉफी सांडल्यासारखा डाग. ही डिस्क कुजण्याची खूण.
- टाचणीच्या टोकाएवढी भोके. यावरून लगेच घाबरायचे नाही. अॅल्युमिनियमच्या थरात अशी भोके कारखान्यातूनच येतात. दोन थरांच्या डिस्कमध्ये एक थर मुळातच अर्धपारदर्शक असतो, त्यामुळे आरपार प्रकाश दिसणे हा दोष नव्हे.

निकाल: १३१ डीव्हीडींपैकी २६ वर ओरखडे, ५ वर संशयास्पद छटा. त्या पाचही दोन थरांच्या. त्यांतल्या तीन एकाच मोठ्या स्टुडिओच्या, २००६ ते २००८ या काळात छापलेल्या. या काळातल्या काही छपाया कुजत असल्याचे संग्राहकांत माहीत आहे, त्यामुळे त्या वर्षांच्या सगळ्या डिस्क तपासणीच्या रांगेत पुढे घेतल्या.

८ ऑगस्ट

पूर्ण वाचनाची पहिली फेरी फसली. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये डिस्क घालून सगळे सेक्टर (माहितीचे ठराविक मापाचे तुकडे) क्रमाने वाचायचे आणि फेकून द्यायचे, चूक आली की नोंद, असा बेत होता. पहिल्या दहापैकी आठ डीव्हीडींनी हजारो चुका दाखवल्या. त्याच डिस्क प्लेअरवर सुरळीत चालतात.

कारण सापडले. डीव्हीडीवर सीएसएस हे नक्कल रोखणारे कुलूप असेल तर ड्राइव्ह आधी सॉफ्टवेअरशी ओळख पटवून घेतो. तोवर कुलुपातले सेक्टर तो देतच नाही, चूक म्हणून परत पाठवतो. डिस्क निर्दोष, आपली पद्धत चुकीची. ब्लू-रेचे तसे नाही. तिथे माहिती सांकेतिक असली तरी सेक्टर वाचता येतात, त्यामुळे नुसते वाचून पाहण्याची चाचणी तिथे चालते.

डीव्हीडीसाठी पद्धत बदलली: पीआय/पीआयएफ मोजणी. ड्राइव्हची दुरुस्ती-व्यवस्था किती वेळा कामाला लागली याचे आकडे ड्राइव्हच देतो, कुलूप उघडावे लागत नाही. मात्र सगळे ड्राइव्ह हे आकडे देत नाहीत, ही क्षमता असलेला जुना ड्राइव्ह शोधावा लागतो. मानकाच्या मर्यादा: सलग ८ ईसीसी खंडांत (दुरुस्तीसाठी एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्यांत) पीआय, म्हणजे दुरुस्तीच्या पहिल्या पायरीवर सापडलेल्या चुका, २८० पर्यंत; एका खंडात पीआयएफ, म्हणजे त्या पायरीवर न सुटलेल्या, ४ पर्यंत. आकडा ओलांडला म्हणजे चित्रपट अडतोच असे नाही, पण हाताशी असलेली सवलत संपत आली.

खरा उपयोग एका मोजणीचा नसून दोन मोजण्यांमधल्या फरकाचा. म्हणून मोजणीचा आलेख चित्ररूपात डिस्कच्या क्रमांकाने जतन करायचा, पुढच्या वर्षी त्याच ड्राइव्हवर पुन्हा मोजायचे. ड्राइव्ह बदलला तर जुने आकडे तुलनेला निरुपयोगी.

१२ ऑगस्ट

५८ डीव्हीडी झाल्या. एक गोष्ट ठळकपणे दिसली, ती नीट लिहून ठेवतो.

चित्रपट नेमका मध्यावर अडतो, बाकी सुरुवात आणि शेवट ठीक, अशी तक्रार आली की बहुतेक जण प्लेअरला दोष देतात. दोन थरांच्या डीव्हीडीत पहिला थर आतून बाहेर वाचला जातो. कडेशी पोहोचल्यावर लेझर दुसऱ्या थरावर नेम धरतो आणि तिथून बाहेरून आत येतो. म्हणजे डिस्कची बाहेरची कड हा चित्रपटाचा मध्य. दोन पातळ चकत्या, प्रत्येकी ०.६ मिमी, चिकटवून डीव्हीडी बनते. हा जोड बहुतेकदा कडेकडूनच सुटू लागतो, तिथून दमट हवा आत शिरते आणि धातूचा थर काळवंडतो. म्हणून कुजणे पहिल्यांदा चित्रपटाच्या मध्यावर जाणवते. एका थराच्या डिस्कमध्ये तेच कुजणे शेवटच्या प्रसंगांत दिसते.

तपासताना पहिली दहा मिनिटे पाहून ‘चालते’ लिहिणे म्हणून निरर्थक. घाई असेल तर निदान थर बदलण्याच्या आधीची आणि नंतरची दहा-दहा मिनिटे पाहावीत.

१६ ऑगस्ट

डीव्हीडी संपल्या. १३१ पैकी ६ नापास. चार कुजलेल्या, चौघींचा आलेख कडेशी उभा भिंतीसारखा चढतो. एक एका थराची, शेवटची सात मिनिटे जात नाहीत. एक गोल ओरखड्याने गेलेली. संशयित पाचांपैकी एक अजून पास होते. तिच्यावर लाल ठिपका न लावता खोक्यात आतून चिठ्ठी ठेवली. डिस्कवर स्टिकर लावायचा नाही: तोल बिघडतो, आणि काढताना वरचा थर ओरबाडला जातो.

ओरखड्याची डिस्क घासून घेता येईल. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिमी आत असतो, त्यामुळे वरचे प्लास्टिक थोडे घासले तरी चालते. ब्लू-रेला हे करू नये. तिथे वरचे आवरण अवघे ०.१ मिमी आणि त्यावर टणक लेप. लेप घासून गेला की उरते ते मऊ. सीडीची गोष्ट उलटी: माहिती छापील बाजूच्या लगेच खाली, म्हणून सीडीला चित्राकडच्या बाजूने जपायचे. टूथपेस्टचा उपाय तिन्हींसाठी बाद.

कुजलेल्या चार डिस्कना उपाय नाही. त्यांच्या वाटा: शून्य.

१९ ऑगस्ट

परवान्यांची पाळी. तिन्ही सेवांच्या अटी छापून घेतल्या, तारीख टाकून फाइलला लावल्या. अटी बदलतात, खरेदीच्या दिवशी काय लिहिले होते ते नंतर सापडत नाही.

तिघींच्या अटींचा गाभा एकच. विकला जातो तो पाहण्याचा परवाना. तो दुसऱ्याला देता येत नाही, खाते बंद झाले की संपतो, आणि हक्कधारकाशी सेवेचा करार संपला तर चित्रपट यादीतून जाऊ शकतो. बटणावर मात्र ‘विकत घ्या’. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये मंजूर झालेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे: डिजिटल माल परवाना असेल तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा नाही. परवाना काढून घेण्यावर त्याने बंदी आलेली नाही, फक्त पाटी खरी लावावी लागते.

अर्धी वाट का, याला इतिहास आहे:

अल्ट्राव्हायलेट ही अनेक स्टुडिओंनी मिळून चालवलेली डिजिटल कपाटाची योजना ३१ जुलै २०१९ ला बंद झाली. ज्यांनी आधीच किरकोळ विक्रेत्यांची खाती जोडली होती त्यांचे बरेच चित्रपट त्या खात्यांत राहिले. बाकीच्यांनी मुदतीत हालचाल करायची होती. प्लेस्टेशन स्टोअरने ३१ ऑगस्ट २०२१ पासून चित्रपट विकणे थांबवले. पुढच्याच वर्षी जर्मनी आणि ऑस्ट्रियात स्टुडिओकॅनालचे आधी विकलेले चित्रपट ग्राहकांच्या खात्यांतून काढले गेले. २०२३ च्या डिसेंबरात डिस्कव्हरीच्या मालिकांबाबत तशीच सूचना निघाली आणि त्याच महिन्यात मागे घेतली गेली. फनिमेशन ही जपानी अॅनिमेची सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा डिस्कसोबतच्या कोडांनी मिळवलेल्या डिजिटल प्रती ग्राहकांना हलवलेल्या नव्या सेवेत आल्या नाहीत. मायक्रोसॉफ्टने १८ जुलै २०२५ पासून चित्रपटांची नवी विक्री थांबवली. तिथे जुनी खरेदी अजून पाहता येते.

उलट बाजूही लिहायला हवी. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा पुस्तके गेली, पण पैसे परत दिले. आणि बहुतेक खरेद्या आजही चालतात. म्हणून शून्य न देता अर्धी.

आणि डिस्क म्हणजे आपोआप मालकी, हेही खरे नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत डिव्हएक्स नावाची डिस्क आली होती (त्याच नावाच्या व्हिडिओ-कोडेकशी, म्हणजे चित्राची माहिती आटोपशीर करण्याच्या पद्धतीशी, हिचा संबंध नाही). पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास चालायची, पुढे पाहायचे तर प्लेअर फोनच्या तारेवरून कंपनीला विचारायचा आणि पैसे कापले जायचे. १९९९ मध्ये योजना गुंडाळली, २००१ मध्ये विचारपूस करणारी यंत्रणा बंद झाली. प्लास्टिक हातात, चित्रपट नाही. डिस्कचा भरवसा वाटतो तो प्लेअरला कोणालाच विचारावे लागत नाही म्हणून.

२० ऑगस्ट

डिस्कच्या खोक्यांतून डिजिटल कोडच्या १२ चिठ्ठ्या निघाल्या. नऊ अल्ट्राव्हायलेटच्या. कचऱ्यात. उरलेल्या तिनांवर छापील मुदत उलटून गेलेली, तरी टाकून पाहिल्या, एक चालली. मुदत संपलेला कोडही टाकून पाहावा, कधीकधी छापील तारीख पुढे ढकललेली असते. परवाने ५८.

२३ ऑगस्ट

दर्जाची तुलना. डिस्क आणि परवाना दोन्ही असलेल्या २३ पैकी ६ चित्रपट निवडले: दोन डीव्हीडी, दोन ब्लू-रे, दोन ४के. प्रवाहाचा वेग सेवेच्या पडद्यावरच्या आकड्यावरून न घेता राउटरवर मोजला. २० मिनिटे सलग, त्या वेळात दुसरे काहीही नेटवर चालू नको. पहिली दोन मिनिटे सोडून द्यायची, सुरुवातीला साठा भरण्यासाठी माहिती वेगाने ओढली जाते.

हिशेबाचे सूत्र: एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) × तास × ०.४५ = जीबी. १६ एमबीपीएसने दोन तास म्हणजे १४.४ जीबी. ८० एमबीपीएसने ७२ जीबी. ४के डिस्क ६६ किंवा १०० जीबीच्या का असतात ते यातून कळते.

मानकांच्या मर्यादा, वहीच्या पहिल्या पानासाठी: डीव्हीडीत चित्राला जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस, ब्लू-रेत ४०, ४के ब्लू-रेत तीन थरांच्या डिस्कवर एकूण १२८ पर्यंत. स्ट्रीमिंगचे ४के साधारण १५ ते २५ च्या पट्ट्यात. आपल्या मोजणीत दोन्ही ४के चित्रपट १५ ते १९ च्या दरम्यान आले.

नुसत्या आकड्यांवर जाऊ नये. डीव्हीडी एमपीईजी-२ वापरते, स्ट्रीमिंग एचईव्हीसी किंवा एव्ही१. नवे कोडेक तेवढ्याच माहितीत कितीतरी चांगले चित्र देतात. ५ एमबीपीएसचे १०८०पी स्ट्रीमिंग ७२०×५७६ च्या डीव्हीडीला सहज मागे टाकते. डीव्हीडी ठेवायची ती चित्रासाठी नव्हे, हे मान्य करून टाकावे.

ब्लू-रेपासून पुढे पारडे फिरते. फरक कुठे पाहायचा: धुके, धूर, पाण्याचे तुषार, अंधाऱ्या खोलीतली भिंत, मावळतीचे आकाश. अंधारात स्ट्रीमिंगचे चित्र चौकोनी ठिगळांत फुटते, आकाशात पट्टे दिसतात. फिल्मचे दाणे हे तर उत्तम परीक्षक. कोडेकच्या दृष्टीने ते निरर्थक, न जुळणारा गोंधळ. माहिती वाचवताना पहिला बळी त्यांचा. चेहरे मेणाचे दिसू लागले की समजावे. दिवसाउजेडी, स्थिर, संवादांच्या प्रसंगांत दोन्हींत फरक सांगता आला नाही.

आवाज. ब्लू-रेवर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, दोन्हींत काहीही न गाळलेला ध्वनी. स्ट्रीमिंगवर डॉल्बी डिजिटल प्लस, अॅटमॉससह साधारण ७६८ केबीपीएस. टीव्हीच्या स्पीकरवर हा फरक ऐकू येत नाही. त्यासाठी डिस्क घेण्यात अर्थ नाही, रिसीव्हर (आवाज वाढवून स्पीकरना देणारे यंत्र) आणि वेगळे स्पीकर असतील तरच.

२४ ऑगस्ट

विकत घेतले ४के, दिसते ४८०पी. सेवा ख चा चित्रपट लॅपटॉपच्या ब्राउझरवर. नेटचा वेग भरपूर. अडचण वाइडवाइन या कुलपाच्या पातळीची: ब्राउझरमध्ये बहुधा एल३ मिळते, आणि त्या पातळीला सेवा कमी दर्जाच देते. एल१ साठी उपकरणाच्या हार्डवेअरमध्ये सुरक्षित जागा लागते. टीव्हीच्या स्वतःच्या अॅपवर तोच चित्रपट ४के दिसला. फोन जुना असेल, प्रणाली बदललेली असेल, तरी एल३ वर घसरतो. परवान्याच्या नोंदीत आता ‘कोणत्या उपकरणावर कोणता दर्जा’ हा रकाना वाढवला.

डिस्कही या भानगडीतून सुटलेली नाही. ४के ब्लू-रे संगणकावर रीतसर चालवायला इंटेलची एसजीएक्स (प्रोसेसरमधला सुरक्षित कप्पा) ही सोय लागत असे. इंटेलने ती ११ व्या पिढीपासूनच्या घरगुती प्रोसेसरांतून काढून टाकली. संगणक नवा घेतला आणि डिस्क चालेना, याचे कारण हे. ४के डिस्कसाठी स्वतंत्र प्लेअरच धरून चालायचे.

२८ ऑगस्ट

काळी स्क्रीन. ४के प्लेअर → रिसीव्हर → टीव्ही या साखळीत आवाज येतो, चित्र नाही. रिसीव्हर जुना, त्याला एचडीसीपी २.२ (तारेतून जाणाऱ्या चित्राचे कुलूप) माहीत नाही. ४के साठी साखळीतल्या प्रत्येक कडीला ते लागते. रिसीव्हर बदलायची गरज पडली नाही. प्लेअरला एचडीएमआयचे दोन मार्ग आहेत: चित्राचा थेट टीव्हीला, फक्त-आवाजाचा रिसीव्हरला. प्लेअरच्या सेटिंगमध्ये दुसरा मार्ग ‘ऑडिओ’वर न्यावा लागतो, आपोआप होत नाही.

२ सप्टेंबर

ब्लू-रे ६८ पूर्ण. एक अडत होती, पुसल्यावर पास. पुसण्याची रीत: धूळ आधी फुंकणीने उडवायची, कोरडी घासायची नाही. मायक्रोफायबर कापड ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओले, केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसताना एखादा कण अडकला तर तोच घातक गोल ओरखडा. तेलकट बोटांच्या ठशांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाण्यात निम्मे.

३ सप्टेंबर

४के च्या १५ डिस्क प्लेअरवर पूर्ण चालवल्या. दोन अडल्या, दोन्ही १०० जीबीच्या, म्हणजे तीन थरांच्या. एक पुसून सुटली. दुसरी पुसूनही तिथेच थांबते, पण दुसऱ्या प्लेअरवर अखंड चालते. मग दोष डिस्कचा नाही, पहिल्या प्लेअरच्या लेझरचा. तिसरा थर वाचणे सगळ्यात अवघड. लेझर थकू लागला की आधी तिथे कळते. हा नियम कामाचा आहे: ६६ जीबीच्या चालतात आणि १०० जीबीच्या वेगवेगळ्या डिस्क अडतात, तर प्लेअर पाहा.

५ सप्टेंबर

लांबीचा घोळ. डिस्क आणि परवाना दोन्ही असलेल्या चित्रपटांपैकी ११ मध्ये कालावधी जुळत नाही. कापाकापी झाली असे ठरवण्याआधी भागाकार करायचा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडी २५ चा. बहुतेक पाल डिस्कवर चित्रपट तसाच ४ टक्क्यांहून थोडा जास्त वेगाने पळवतात. १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो, आणि सूर दुरुस्त केला नसेल तर आवाज साधारण पाऊण सेमीटोन चढतो. ११ पैकी ८ चे गुणोत्तर नेमके ०.९६.

उरलेले ३ खरोखर वेगळे. एकात डिस्कवर लांब संपादन, परवान्यात चित्रपटगृहातले. एकात उलट. तिसऱ्यात पार्श्वभूमीचे गाणे बदललेले आणि प्रसंग आखूड केलेला. संगीताचे हक्क पुन्हा न घेतल्यावर असे होते. या तिघांत दोन्ही प्रती ‘एकाच चित्रपटाच्या’ धरलेल्या नाहीत, दोन स्वतंत्र ओळी केल्या. परवान्यातली आवृत्ती सेवेकडून मागाहूनही बदलू शकते, त्यामुळे परवान्याच्या ओळीत कालावधी आणि पाहिल्याची तारीख दोन्ही लिहायची.

दिग्दर्शकाचे भाष्य, गाळलेले प्रसंग: २३ पैकी ६ परवान्यांत यातले काही आहे. डिस्कवर १७.

९ सप्टेंबर

डीव्हीडी-आर ९. यांचे काम खरे तर सगळ्यात आधी करायला हवे होते, क्रम चुकला. छापील डिस्कवर खड्डे साच्याने उमटतात. लिहिलेल्या डिस्कवर रंगद्रव्यातले बदल असतात आणि उजेड-उष्णतेने ते फिके पडतात. या स्वतःच्या चित्रणाच्या असल्याने कुलूप नाही, प्रत काढता येते.

डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रती काढल्या. खंडाचे माप २०४८ बाइट. पहिल्या फेरीत अडलेल्या जागा सोडून पुढे जायचे, मग त्या जागांवर तीन प्रयत्न. नकाशा-फाइल ठेवणे अनिवार्य: तिच्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेले सेक्टर भरता येतात. सात डिस्क एका ड्राइव्हवर पूर्ण, आठवी दुसऱ्या ड्राइव्हवर पूर्ण झाली, नववीतले १३६ सेक्टर तिन्ही ड्राइव्हवर गेले नाहीत. प्रत्येक प्रतीची शा-२५६ बेरीज (फाइल बदलली तर ओळखू येणारा आकडा) लिहून दोन हार्डडिस्कवर ठेवली.

छापील, कुलुपबंद डिस्कच्या प्रती या प्रकल्पात नाहीत. स्वतःच्या डिस्कचे कुलूप तोडण्याबद्दल देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, आणि ती वाट मोजणीत धरली तर वहीच बाहेर दाखवता येणार नाही.

१० सप्टेंबर

नेट बंद करून चाचणी सुरू. तिन्ही सेवांचे प्रत्येकी दोन खरेदी केलेले चित्रपट टॅबलेटवर उतरवले, विमान-मोड लावला, टॅबलेट कपाटात. दर आठवड्याला उघडून पाहायचे.

१५ सप्टेंबर

प्रांत. डीव्हीडीला प्रांत १ ते ६, ब्लू-रेला अ, ब, क, ४के ब्लू-रेला प्रांताचे बंधनच नाही. आपल्या तीन ब्लू-रे परप्रांतीय निघाल्या. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा प्रांत पाचदाच बदलता येतो, पाचव्यांदा निवडलेला कायमचा. सहज गंमत म्हणून बदलू नये.

परवान्यांनाही प्रांत असतो, तो खात्याच्या देशाचा. देश बदलला की काही खरेद्या यादीतून नाहीशा होतात, परत बदलल्यावर येतात. अमेरिकेत मूव्हीज एनीव्हेअर नावाची सोय आहे: खाती जोडली की सहभागी स्टुडिओंचा एका दुकानातला चित्रपट दुसऱ्यातही दिसतो. एक दुकान मिटले तरी दुसरे उरते, त्यामुळे तिथल्या जोडलेल्या परवान्याला पाऊण वाट द्यायला हरकत नाही. आपल्या खात्यांना ती सोय लागू नाही.

१६ सप्टेंबर

साठवण. उभ्या ठेवायच्या, आडव्या थप्प्या नकोत, वाकतात. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत ४ ते २० अंश सेल्सियस आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. इतके जमले नाही तरी तापमानाचे चढउतार टाळायचे. टीव्हीच्या मागची गरम फळी सगळ्यात वाईट. खोक्यातून काढताना मधले बटण दाबून डिस्क सुटू द्यायची. कड धरून ओढली तर ती कमानीसारखी वाकते, आणि जोड नेमका तिथेच उकलतो.

फोमचे तुकडे असलेली तीन जुनी खोकी फेकली. फोम विरघळून डिस्कला चिकटतो.

१५ ऑक्टोबर

नेट-बंद चाचणी, पाचवा आठवडा. क चे दोन्ही चित्रपट चालतात. ख चे दोन्ही ३० दिवसांनंतर उघडेनात, ‘नेट जोडा’ असा संदेश. जोडल्यावर सेकंदात सुरू. ग चा एक चालतो, दुसऱ्याला अॅपची नवी आवृत्ती हवी. उतरवलेली फाइल म्हणजे साठवलेली प्रत नव्हे, तिची चावी मधूनमधून नव्याने मागवली जाते.

ख च्या सगळ्या ओळींत ‘अर्धी’पुढे उणे चिन्ह.

१८ ऑक्टोबर

वहीची बेरीज. कुजलेल्या चारांपैकी एकाचा परवाना आहे, तिघांना काहीच वाट नाही. निव्वळ परवान्यावर आता ३५ (कुजलेल्या डिस्कचा परवाना असलेला एक धरून). त्यांतले १४ डिस्कवर निघालेलेच नाहीत. त्यांच्यासाठी करण्यासारखे काही नाही. उरलेल्या २१ पैकी खरेदीचा क्रम असा: आधी अंधारे, दाणेदार चित्रपट, मग वेगळे संपादन असलेले, मग भाष्य असलेले. एकदाच पाहून विसरावेत असे ७ आहेत, ते परवान्यावरच राहू देत.

जुनी डिस्क घेताना विक्रेत्याकडून चकाकत्या बाजूचे तिरक्या उजेडातले छायाचित्र मागायचे. डिस्क हाताबदल होऊ शकते हा तिचा न सांगितला जाणारा गुण. परवान्याला हा बाजारच नाही.

२२ ऑक्टोबर

डिस्कच्या वाटेतली कमकुवत कडी प्लेअर. ओप्पोने २०१८ मध्ये, सॅमसंगने २०१९ मध्ये, एलजीने २०२४ मध्ये हात आखडता घेतला. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येण्याजोग्या ब्लू-रेचे उत्पादन थांबवले. छापील चित्रपट-डिस्क हा वेगळा धंदा आहे, ती बातमी वाचून त्यांची घबराट नको. तरी दुसरा प्लेअर आताच ठेवायचा.

राखीव प्लेअर: फर्मवेअर (यंत्रातले मूळ सॉफ्टवेअर) यूएसबीवरून अद्ययावत केला, ती फाइलही हार्डडिस्कवर ठेवली. नव्या डिस्कना नव्या चाव्या लागतात, आणि उत्पादकाने पान काढून टाकले की फाइल सापडत नाही. दर तीन महिन्यांनी ट्रे उघडबंद करून एक १०० जीबीची डिस्क थर बदलेपर्यंत चालवायची.

२५ ऑक्टोबर

राखीव प्लेअरचा ट्रे पहिल्या चाचणीतच अर्ध्यावर थांबला. झाकण काढले: रबरी पट्टा गुळगुळीत आणि सैल. जुना पट्टा चपटा करून ५८ मिमी लांब भरला, म्हणजे दोन्ही थर मिळून परीघ ११६. रबर ताणलेले असल्याने पाच टक्के कमी, ११० मिमीचा, चौकोनी काटछेदाचा १.२ मिमी जाडीचा पट्टा मागवला. कप्पीवरचा चिकटा अल्कोहोलने पुसला. पट्टा येईपर्यंत वहीत दुसऱ्या प्लेअरपुढे शून्य.